लष्कर नसतं तर म्यानमार फुटला असता का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्यानमारमध्ये शंभराच्या वर वांशिक गट आहेत, त्यांतल्या अनेकांकडे बंदुका आहेत, आणि लष्कराने आवळून धरलं नसतं तर देशाचे तुकडे झाले असते, असं क्लासच्या सरांनी सांगितलं. मग मानवाधिकारवाले लष्करालाच का धरतात? सशस्त्र गट काय कमी आहेत? आणि डोंगरात, जंगलात घडलेल्या गोष्टी सिद्ध तरी कशा करतात? जाता जाता गावातल्या एका मुलाच्या थायलंडमधल्या नोकरीबद्दलही विचारलंय. त्याचं उत्तर शेवटी दिलंय, पण ते तातडीचं आहे. आधी ते वाचा आणि मग वर या, चालेल.

माझं म्हणणं कुठून येतंय ते सांगते. मी बारा-तेरा वर्षं जबान्या नोंदवण्याचं काम केलं. सुरुवात थायलंडच्या हद्दीतल्या मे सॉटला, मध्ये काही महिने बांगलादेशात कॉक्स बझारला, आणि २०२१ नंतर मिझोराममध्ये झोखावथारला, टिआऊ नदीच्या अलीकडे. म्यानमारमधलं गाव सोडून सरहद्दीची नदी ओलांडून आलेल्या माणसासमोर बसायचं, ऐकायचं, लिहायचं. मी वकील नाही, प्राध्यापकही नाही. मूळची रत्नागिरीची. आमच्याकडे ब्रह्मदेश म्हटलं की थिबा राजाचा वाडा आणि मंडालेच्या तुरुंगातले टिळक, एवढ्यावर गोष्ट संपते.

तुमचे सर अर्धे बरोबर आहेत. भांडण लष्करी राजवटीच्या आधीचं आहे. १२ फेब्रुवारी १९४७ ला पांगलाँग गावात स्वातंत्र्यलढ्याचे नेते आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन पुढाऱ्यांशी करार केला: एकत्र येऊन स्वातंत्र्य मिळवू, डोंगरी भागांचा अंतर्गत कारभार तुमचा तुम्ही बघा. करेन लोकांनी त्यावर सही केली नव्हती. पाच महिन्यांत आंग सान यांचा खून झाला. १९४८ ला देश स्वतंत्र झाला आणि १९४९ मध्ये करेन बंडात उतरले. इथवर लष्कराला दोष देण्यात अर्थ नाही. गंमत पुढे आहे. १९४७ च्या राज्यघटनेने शान आणि करेन्नी राज्यांना दहा वर्षांनी संघातून बाहेर पडण्याचा हक्क लिहून दिला होता. १९६२ च्या सुरुवातीला रंगूनमध्ये शान पुढारी आणि निवडून आलेलं सरकार वाटाघाटीला बसले होते. विषय होता संघराज्याची नीट मांडणी. २ मार्चला जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि त्या बैठकीतल्या लोकांनाच पकडलं. कारण दिलं, देश फुटू नये म्हणून.

म्हणजे फुटण्याची भीती होती, हे खरं. पण ती भीती बोलून मिटवायला जे टेबल मांडलं होतं तेच उलथलं. त्यानंतर बंदुका कमी झाल्या म्हणावं तर तेही नाही. आज पश्चिमेला सर्वांत ताकदवान असलेली राखाइन लोकांची सशस्त्र संघटना, अराकान आर्मी, २००९ मध्ये उभी राहिली, म्हणजे लष्कराने सत्तेचाळीस वर्षं देश ‘सांभाळल्यावर’. माणूस आजारी आहे म्हणून डॉक्टर घरात राहायला आला, साठ वर्षं झाली, घर त्याच्या नावावर झालं आणि माणूस अजून खाटेवर. अशा वेळी आजार आधीपासून होता हे डॉक्टरचं उत्तर पुरत नाही.

आता १३५ या आकड्याबद्दल, कारण तुम्ही तो लिहिलाय. सरकारी यादीत १३५ ‘राष्ट्रीय वंश’ आहेत. त्यात एकट्या चिन लोकांचे ५३, शान ३३. एकाच भाषेच्या दोन खोऱ्यांतल्या बोलींना दोन वंश धरलंय, तर कुठे भलतेच लोक एका शीर्षकाखाली घातलेत. ने विन यांचा लाडका अंक नऊ; त्यांनी १९८७ मध्ये ४५ आणि ९० क्यातच्या नोटा काढल्या होत्या. १३५ ची बेरीजही नऊच येते, असं लोक हसून सांगतात. हसण्यावारी नेण्यासारखं मात्र काही नाही. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने पूर्ण नागरिकत्व अशा वंशांपुरतं ठेवलं, जे १८२३ च्या आधी, म्हणजे इंग्रजांशी पहिली लढाई व्हायच्या आधी, तिथे वसलेले होते. कोण वसलेलं होतं हे ठरवणार सरकार. रोहिंग्या यादीत नाहीत. एक ओळ गाळली आणि लाखो माणसं आपल्याच गावात परकी झाली. हिंसा बंदुकीने सुरू होते असं आपण समजतो. माझ्या वहीत ती बहुतेक वेळा कार्डाने सुरू झालेली असते. रोहिंग्यांकडची तात्पुरती पांढरी ओळखपत्रं २०१५ मध्ये रद्द झाली, त्यांचे मतदानाचे हक्क गेले, आणि दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, लष्कराच्या मोहिमेत त्यांची गावं जळाली.

मग लष्करालाच का धरतात? कारण तिथले अत्याचार हे चार माथेफिरू शिपायांचं काम नाही, ती पद्धत आहे, आणि पद्धतीला नाव आहे: ‘फ्यात ले फ्यात’, चार काट. बंडखोरांचं अन्न, पैसा, बातमी आणि भरती तोडायची. हे १९६० च्या दशकापासून चालू आहे. कागदावर ही युद्धनीती वाटते. पण डोंगरात बंडखोराला भात कोण देतो? त्याची आई. बातमी कोण देतं? गुराखी. म्हणजे काट बसते ती गावावर.

झोखावथारच्या एका शेडमध्ये एक बाई मला सांगत होती. तिथे तांदूळ कंडेन्स्ड मिल्कच्या रिकाम्या डब्याने मोजतात, आपल्याकडे खेड्यात चिपट्या-मापट्याने मोजायचे तसं. शिपाई घरात आले, चुलीवरचं भांडं उघडलं आणि विचारलं, घरात माणसं किती? चार. मग आठ डबे तांदूळ का शिजवलास? ती म्हणाली, शेतावर न्यायचा होता, दोन वेळचा एकदम शिजवला. त्यांनी तिच्या नवऱ्याला नेलं. पुढचं मी इथे लिहिणार नाही. पण ‘आठ डबे’ हे दोन शब्द मी वहीत अधोरेखित केले होते. बाईला त्या धोरणाचं नाव ठाऊक नव्हतं, कुठल्या वर्षी सुरू झालं हे ठाऊक नव्हतं. भांड्यातला भात मोजणारं सैन्य तिने पाहिलं होतं, तेवढं पुरेसं आहे.

दुसरं कारण पोटाचं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या तुकड्यांना सांगितलं गेलं की रसद जमेल तेवढी तुमची तुम्ही मिळवा. ती कुठून मिळवणार? गावाची कोंबडी, गावाचा तांदूळ, गावाची जमीन, आणि ओझं वाहायला गावाचे पुरुष. हमाल म्हणून नेलेले पुरुष दारूगोळा पाठीवर घेऊन पुढे चालायचे, सुरुंग पेरलेल्या वाटेवरसुद्धा. मे सॉटच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या निम्म्या जबान्या याच होत्या. सक्तीच्या मजुरीवरून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९८ मध्ये चौकशी अहवाल दिला, आणि २००० मध्ये आपल्या घटनेतलं ३३ वं कलम, म्हणजे न ऐकणाऱ्या सदस्य देशावर कारवाईचं कलम, जे तोवर कुठल्याच देशाविरुद्ध वापरलं नव्हतं, ते म्यानमारविरुद्ध वापरलं.

एक बारीक गोष्ट. लष्कराला बर्मीत ‘तात्मदॉ’ म्हणतात, त्यातलं ‘दॉ’ हे आदरार्थी आहे, आपण ‘श्री’ लावतो तसं. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने निवडून आलेलं सरकार हटवून सत्ता घेतली, त्या सत्ताबदलानंतर माझ्यासमोर बसणाऱ्या तरुण बर्मन मुलांनी तो शब्द टाकून दिला, नुसतं ‘सिट-टाट’ म्हणायला लागली. मी बर्मन म्हणतेय ते मुद्दाम. तोवर बहुसंख्य बर्मन समाज डोंगरातल्या गोष्टी ‘बंडखोरांचा अपप्रचार’ म्हणून झटकायचा. डिसेंबर २०१९ मध्ये खुद्द आंग सान सू ची, आंग सान यांची मुलगी आणि तेव्हाच्या निवडून आलेल्या सरकारच्या नेत्या, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभ्या राहिल्या आणि गाम्बियाने वंशसंहाराच्या कराराखाली लावलेल्या दाव्यात देशाचा बचाव केला. म्हणजे सगळं पाप गणवेशातलं होतं असं नाही. पण २०२१ मध्ये तीच काट सगाईंगच्या सपाटीवर, बर्मन बौद्ध गावांवर आली. ११ एप्रिल २०२३ ला पाझीजी गावात जमलेल्या लोकांवर विमानातून बॉम्ब टाकले, दीडशेहून अधिक माणसं गेली. त्या काळात कित्येक तरुणांनी समाजमाध्यमांवर रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. मला ते वाचून बरं वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

आता सशस्त्र गट. हो, तेही करतात. सक्तीची भरती करतात, ‘कर’ म्हणून वसुली करतात, खबरी ठरवून माणसं मारतात. २०२४ मध्ये पश्चिमेच्या राखाइन राज्यात, जिथे रोहिंग्यांची गावं आहेत, लष्कराने रोहिंग्या मुलांना पकडून भरती केलं, ज्यांना नागरिक मानत नाही त्यांनाच शिपाई केलं. आणि त्याच वर्षी बुथिदाँगच्या जाळपोळीत आणि ५ ऑगस्टला माँगडॉजवळ नदीकाठी पळणाऱ्या गर्दीवरच्या ड्रोनहल्ल्यात वाचलेल्यांनी अराकान आर्मीकडे बोट दाखवलं. अराकान आर्मीने ते नाकारलं. आमचा फॉर्म दोघांसाठी एकच असतो. जिनिव्हा करारांचं सामाईक तिसरं कलम सरकारी सैन्याइतकंच बंडखोरांनाही लागू आहे; गणवेश कुणी शिवून दिला हे ते विचारत नाही. पण वजन सारखं ठेवायचं म्हणून दोन्ही पारड्यांत सारखे दगड टाकायचे, हे मी करत नाही. विमानं एकाच बाजूकडे आहेत. तुरुंग, न्यायालय, नागरिकत्वाचं कार्यालय मुख्यतः त्याच बाजूकडे आहे. तक्रार करायला गेलेला माणूस ज्या दारात उभा राहतो तेच दार आरोपीचं असतं. मानवाधिकार हा मुळात राज्याने दिलेल्या शब्दाचा हिशेब आहे, म्हणून राज्याला आधी धरतात.

सिद्ध कसं करतात, हा तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत आवडलेला भाग. लोक समजतात आम्ही रडकथा गोळा करतो. खरं तर आमचं काम तलाठ्याच्या पंचनाम्यासारखं रुक्ष आहे. कोण, कुठे, कधी, तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस, ऐकलंस तर कुणाकडून.

तारीख कुणालाच आठवत नाही. आठवते असं पटकन सांगणाऱ्याकडे मी जरा संशयाने बघते. मग आपण त्यांच्या दिनदर्शिकेत शिरायचं. चिन ख्रिस्ती माणसाला रविवार विचारायचा, शान शेतकऱ्याला पाच दिवसांचा बाजार. कॉक्स बझारच्या छावण्यांत तुला तोली या रोहिंग्या गावातल्या कत्तलीतून वाचून आलेले लोक म्हणत, ‘बकरी ईदच्या तीन दिवस आधी.’ २०१७ ला ईद २ सप्टेंबरला होती, म्हणजे ३० ऑगस्ट. एकमेकांना न भेटलेली माणसं वेगवेगळ्या छावण्यांत हेच म्हणतात, तेव्हा तारीख उभी राहते. गावाचं नावही असंच. तुला तोली सरकारी नकाशावर सापडत नाही, तिथे ते मिन जी आहे. एकाच गावाची दोन-तीन नावं, आणि त्यातलं एकच छापलं जातं. नवख्या नोंदकाराने दोन नावांची दोन प्रकरणं केलेली मी पाहिली आहेत. विरोधी वकिलाला एवढं पुरतं.

शिपाई कुठल्या तुकडीचे होते, असं कधी विचारायचं नाही. माणूस चांगुलपणाने काहीतरी उत्तर देतो. ‘बाहीवर काय होतं?’ असं विचारायचं. रंग, आकडा, जनावर, जे आठवेल ते. बिल्ल्यांची चित्रं सुरुवातीला दाखवायची नाहीत, कारण चित्र पाहिलं की आठवण त्याला चिकटते. जमिनीवर खडे मांडून गाव काढायला सांगायचं: हा खडा मशीद, हा ओढा, तू कुठे लपलास? तिथून तो ओढा दिसतो का? मग उपग्रहाच्या चित्राशी ताडायचं. दुभाषा कोण, याने जबानी बदलते. मला बर्मी येतं, पण चिन म्हातारीला बर्मी ही शिपायांची भाषा वाटते. मी बर्मी बोलले की ती आखडते. तिथे मिझो मुलगी शेजारी बसवून मी गप्प राहायला शिकले.

चुका झाल्या. एक सांगते. करेन भागातल्या एका गावाचं नाव मी अहवालात लपवलं, माणसाचं नाव बदललं, सगळं नियमाने. साक्षीदाराची ओळख म्हणून लिहिलं, ‘प्राथमिक शाळेतील शिक्षिका’. त्या खोऱ्यात शाळा एकच होती आणि शिक्षिका एकच. तिला रातोरात गाव सोडावं लागलं. तेव्हापासून मी व्यवसाय लिहिताना आधी तिथे तसे किती जण आहेत ते विचारते, आणि नावांची वही जबान्यांच्या वहीसोबत कधीच ठेवत नाही.

याचा उपयोग होतो का? कधी होतो, कधी नाही. ईन दिन गावात २ सप्टेंबर २०१७ ला दहा रोहिंग्या पुरुषांना मारलं, ते दोन बर्मी पत्रकारांनी उघडं केलं. पत्रकार पाचशेहून अधिक दिवस तुरुंगात राहिले. दहा वर्षांची शिक्षा झालेले शिपाई वर्षाच्या आत बाहेर आले. दुसरीकडे, म्यानमार आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नसला तरी बांगलादेश आहे. लोकांना हद्दीपार हाकलणं हा गुन्हा बांगलादेशच्या जमिनीवर पुरा होतो, या मुद्द्यावर तिथे दार उघडलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अभियोक्त्याने तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आंग हलाइंग यांच्याविरुद्ध वॉरंट मागितलं. त्या दाराची बिजागरी म्हणजे ‘ओढा कुठून दिसतो’ असले प्रश्न.

उद्या लष्कर हटलं तर? ते परिस्थितीवर आहे. सत्ताबदलाविरुद्ध उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय ऐक्य सरकारने जून २०२१ मध्ये १९८२ चा कायदा बदलण्याचं वचन दिलं, पण त्यांचा शब्द डोंगरात चालत नाही. ज्या गटांनी जमीन जिंकली ते आपल्या हद्दीतल्या छोट्या समाजांशी कसे वागतात, यावर बरंच ठरेल. आणि चीनवर. उत्तर शान भागातलं लाशो शहर चीनच्या सीमेलगतच्या कोकांगमधल्या सशस्त्र गटाने ऑगस्ट २०२४ मध्ये घेतलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या दबावाखाली लष्कराला परत केलं. सरांना विचारा, अशा वेळी देश कोण सांभाळतंय?

आता त्या मुलाबद्दल. तुम्ही लिहिलंय: बँकॉकचं तिकीट, ‘डेटा एन्ट्री’, पगार घसघशीत, ऑफिस मे सॉटला. त्याला थांबवा. मे सॉट हे डोंगराकडेचं सरहद्दीवरचं गाव आहे, मी तिथे राहिलेय. तिथे मराठी मुलाला तसा पगार देणारं ऑफिस नाही. मे सॉटच्या कडेने मोई नदी वाहते, पलीकडे म्यावाडी. तिथे के के पार्क आणि श्वे कोक्कोसारख्या ठिकाणी ऑनलाइन फसवणुकीचे कारखाने उभे राहिले. अशा कारखान्यांत मुलांना पासपोर्ट काढून घेऊन कोंडतात.

याचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. १९९४ च्या शेवटी करेन बंडखोरांत फूट पडली: पुढारी बहुतेक ख्रिस्ती, शिपाई बरेच बौद्ध. फुटून निघालेला बौद्ध गट लष्कराने जवळ केला आणि २०१० मध्ये त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या हाताखालचं ‘सीमा रक्षक दल’ बनवलं. पगार थोडा, मोबदल्यात नदीकाठची जमीन मोकळी. त्या जमिनीवर आधी जुगाराचे अड्डे आले, मग हे कारखाने. वांशिक प्रश्न ‘आटोक्यात ठेवणं’ तिथे असं दिसतं. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. अशा सुटकांमध्ये आपल्या महाराष्ट्राची मुलंही होती.

एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचा नोंदणी क्रमांक विचारा आणि ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तो तपासा. थायलंडला पर्यटक म्हणून गेलं तर काम करता येत नाही. एजंट ‘तिथे गेल्यावर करून देतो’ म्हणाला तर तिथेच विषय संपवा. मुलगा निघून गेलाच असेल तर त्याला सांगा, बँकॉकहून गाडीत बसायचंच नाही. ती सात-आठ तास वायव्येला जाते आणि ताकच्या पुढे डोंगर लागला की उतरणं अवघड. विमानतळावरूनच आपल्या दूतावासाला फोन करायला सांगा. तिकीट कुठल्या तारखेचं आहे, तेवढं आज रात्रीच कळवा.